चौथं प्रकरण आणि उष्मागतिकीचा दुसरा नियम

आमच्याकडे पीएच.डी.च्या खुल्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, श्रोत्यांनी विचारायचे प्रश्न आधीच वाटून दिलेले असतात. गाइड चिठ्ठ्या तयार करतात, ज्युनिअर संशोधकांच्या हातात देतात आणि उमेदवाराला उत्तरं पाठवतात. ठरलेल्या वेळी एकजण उठतो आणि तळहातातली चिठ्ठी वाचतो. उमेदवार विचार केल्यासारखा क्षणभर छताकडे बघतो आणि पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवतो. बाहेरून आलेले परीक्षक मान डोलावतात, कारण त्यांच्या विद्यापीठातही हेच चालतं. मग शाल, श्रीफळ, फोटो, जेवण. अभिनंदनाचा फ्लेक्स तर सकाळीच गेटवर लागलेला असतो. परीक्षेच्या आधी निकाल लावून मोकळी होणारी इतकी आत्मविश्वासू माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

अशा बऱ्याच व्हायवांना मी बसले आहे. राग तेव्हाही यायचा, पण दुसऱ्याच्या लग्नात जाऊन मांडवावरून कोण भांडतं? माझी पाळी आली तेव्हा मात्र तो राग गिळता येईना. त्याला कारण माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण.

मी भौतिकशास्त्र शिकवते. राहायला जालन्यात, कॉलेज हसनाबादच्या बाजूला, जाणंयेणं बसने. पन्नाशीला टेकल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा घरात आणि स्टाफरूममध्ये एकच प्रश्न होता, "आता कशाला?" मुलं मार्गी लागली, नोकरी पक्की आहे, मग आता कशाला? पुरुषाने या वयात प्लॉट घेतला किंवा पतसंस्थेची निवडणूक लढवली तर त्याला हे कोणी विचारत नाही. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. सासूबाईंना म्हटलं, वरची श्रेणी मिळते. प्राचार्यांना म्हटलं, कॉलेजच्या मूल्यांकनात उपयोग होईल. नवऱ्याला म्हटलं, "मला करायचंय." त्याला तेवढं पुरलं. तो कचेरीत वाढलेला माणूस आहे, कमी शब्दांचा अर्ज त्याला आवडतो.

खरं उत्तर असं होतं की एक गोष्ट मला कळली होती आणि ती डोक्यातून जाईना.

उष्मागतिकी मी इतकी वर्षं शिकवतेय की तिचे नियम पाठ आहेत असं म्हणणंही चूक होईल, ते अंगात मुरले आहेत. उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडे जाते, उलट जात नाही. बंदिस्त व्यवस्थेची एंट्रॉपी, म्हणजे ढोबळमानाने तिच्यातली विस्कळितता, घटत नाही. वाढते, किंवा फार तर तेवढीच राहते. हा दुसरा नियम. त्यात सवलत नाही, वशिला नाही, 'सर, एवढ्या वेळी' नाही. मला तो आवडतो तो याचमुळे.

प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात एका व्याख्यात्याने फळ्यावर भलतंच काही करून दाखवलं. अवकाशात कुठलीही जागा घ्या, तो म्हणाला. तिथे वेग वाढवत पळणारा एक निरीक्षक कल्पा. त्याच्या मागे अशी एक सीमा तयार होते, जिच्या पलीकडचा प्रकाश त्याच्यापर्यंत कधीच पोचत नाही. हे त्याचं क्षितिज. या क्षितिजाला तापमान असतं, आणि त्याची एंट्रॉपी त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. आता फक्त एवढंच मागा की क्षितिज ओलांडून गेलेली उष्णता म्हणजे तापमान गुणिले एंट्रॉपीतली वाढ. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक क्षितिजाला. बाकी काही गृहीत धरू नका. खाली जे समीकरण येतं ते गुरुत्वाकर्षणाचं.

मी वही मिटून बसून राहिले. वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांचं समीकरण मी दरवर्षी शिकवते. ते समीकरण रेणूंबद्दल एक अक्षर बोलत नाही, पण ते खरं असतं कारण खाली असंख्य रेणू धडपडत असतात. गुरुत्वाचं समीकरणही त्याच जातीचं असेल तर? म्हणजे ते मुळातलं नव्हेच, कुठल्यातरी खोल गोष्टीची वर दिसणारी सरासरी? कोणाला ठाऊक नाही. अजूनही नाही. पण ज्या उष्णतेचा हिशेब मी कॅलरीमापी आणि थर्मामीटर घेऊन पोरांकडून करून घेते, तोच हिशेब ग्रहांना धरून ठेवतो ही शक्यताच मला पुरेशी होती. मी ठरवलं, यातच काम करायचं.

ते काम मिळालं जालन्यातल्या एका संशोधन केंद्रात, गणिताच्या विभागात. गाइड माझ्याहून वयाने लहान, बोलायला गोड, सगळ्यांच्या कार्यक्रमांना हजर. त्यांचा विषय होता गुरुत्वाचे पर्यायी सिद्धांत. विश्वाचं प्रसरण वेग घेत चाललंय. त्याचं कारण नेहमीच्या सिद्धांतात द्यायचं तर एक अदृश्य ऊर्जा मानावी लागते. काही लोक म्हणतात, ऊर्जा कशाला, समीकरणच बदलू. जिथे अवकाशाची वक्रता येते तिथे वक्रतेचं एखादं फलन, म्हणजे फंक्शन, घालू आणि बघू काय होतं. विचार वाईट नाही. जगभर चांगली डोकी त्यावर काम करतात.

आमच्या भागात मात्र त्याचं पीक काढतात. त्याला शब्दच आहे, 'मॉडेल काढणे'. तुमच्या आधीच्या उमेदवाराची फाइल तुम्हाला मिळते. तिच्यातला सिद्धांत बदलायचा, विश्वाचा आकार थोडा बदलायचा, प्रसरणाचा एक सोयीचा नियम गृहीत धरायचा, समीकरणं सोडवायची, आलेख काढायचे. शेवटी निष्कर्ष, 'आमचं मॉडेल निरीक्षणांशी सुसंगत आहे.' आणि त्याच्या आधी एक छोटा भाग असतो, 'उष्मागतिकीय विश्लेषण'. चार समीकरणं, एक वर जाणारी रेघ, आणि एक वाक्य: दुसरा नियम पाळला जातो, म्हणून मॉडेल ग्राह्य आहे. ज्या गोष्टीसाठी मी या वयात दप्तर उचललं होतं, ती इथे भाजीवर कोथिंबीर टाकावी तशी टाकलेली होती.

माझ्या चौथ्या प्रकरणात हा भाग यायचा होता. फाइलमधला भाग उचलून आपल्या मॉडेलचे आकडे घालायचे, आठवड्याचं काम. मी ते करायला बसले, आणि पहिल्या समीकरणापाशीच अडकले.

अडचण सोपी आहे, म्हणून सांगते. समीकरण बदललेल्या गुरुत्वात उष्णतेचा हिशेब मांडायच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत गुरुत्वाचा सगळा जादा भाग एक नकली द्रव्य मानून ऊर्जेच्या बाजूला टाकायचा. मग विश्वाच्या क्षितिजाची एंट्रॉपी नुसत्या क्षेत्रफळाएवढी राहते. दुसरीत जादा भाग एंट्रॉपीच्या बाजूला ठेवायचा. मग क्षेत्रफळाला एका गुणकाने गुणावं लागतं, आणि हा गुणक वक्रतेबरोबर बदलतो. दोन्ही पद्धती चालतात. पण एक धरली की शेवटपर्यंत तीच धरायची. आमच्या फाइलमध्ये ऊर्जा दुसऱ्या पद्धतीची होती आणि एंट्रॉपी पहिल्या पद्धतीची. कोणा एका उमेदवाराने एकीकडून अर्धा भाग उचलला होता, नंतरच्याने दुसरीकडून उरलेला. त्याच्यानंतर प्रत्येकाने फाइल पुढे दिली, आणि कोणी विचारलं नाही. रेघ वर जात होती ना? मग झालं.

मी ते सगळं पुसून दुसऱ्या पद्धतीने नीट केलं. माझ्या मॉडेलमध्ये क्षितिजाचं क्षेत्रफळ वाढत होतं, पण गुणक त्याहून वेगाने घटत होता. गुणाकार खाली येत होता. आतल्या द्रव्याची एंट्रॉपी मिळवली तरी तूट भरत नव्हती. नियम मोडत होता. मी पुन्हा केलं. परत तेच. मग पहिली पद्धतही पूर्ण करून पाहिली. तिच्यात नियम पाळला गेला, पण का, ते बघितलं आणि डोकं फिरलं. शेवटी जे उत्तर येतं ते एका वर्गाच्या रूपात येतं, आणि प्रसरण पावणाऱ्या विश्वात ते ऋण होऊच शकत नाही. मॉडेल कसलंही घ्या, पास. ज्या परीक्षेत नापास होताच येत नाही तिच्यात पास झालो म्हणून हे लोक पेपर छापत होते.

आमच्या केंद्रात माझ्या बरोबरीची एक संशोधक होती, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाई. घरची मेंढरं वळत गणितात एम.एस्सी. केलेली, आता दोन शाळकरी मुलांची आई. तिचा प्रबंध माझ्या मागे होता आणि त्याच फाइलवर उभा होता. मी तिला वाचनालयात गाठून कागद दाखवले. तिने ते दोनदा उलटसुलट वाचले.

"म्हंजे मॅडम," ती म्हणाली, "मेंढरं आपली मोजली आन् लोकर शेजाऱ्याची तोलली?"

"बराबर."

"आन् मंग म्हनलं, लई लोकर निघाली औंदा."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. "माझं बी तेच हाये की हो. तिसऱ्या प्रकरणात. सरांना सांगितलं का?"

"सांगणार आहे."

"सांगा. पर माझं नाव न्हाई घ्यायचं अजून. मला आधी माझं तपासू द्या."

सरांना सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतले, पहिलं पान वाचलं, उरलेली चाळली, चहा मागवला. चहा आला की समजायचं, नकार येतोय.

"मॅडम, बिलकुल चूक न्हाई तुमची," ते म्हणाले. "पण तुम्ही फार खोलात जाऊन राह्यलात. पीएच.डी.ला एवढं लागत न्हाई."

"किती लागतं?"

"म्हणजे बघा, हा सेक्शन स्टँडर्ड आहे. परीक्षकांना सवयीचा आहे. तुम्ही नियम मोडतो म्हटलं तर ते विचारणार, मग मॉडेल काढलंच कशाला?"

"मोडतो हे कळायला काढलं."

"अहो मॅडम, फेल झालेलं मॉडेल कोण छापतं?"

"सर, समीकरण कुठं चुकलंय ते दाखवा. मी आत्ता फाडते."

त्यांनी कागद पालथे टाकले. मग थोडं पुढे वाकून म्हणाले, "या सेक्शनवर किती जणांच्या पदव्या उभ्या आहेत, माहितीय तुम्हाला?"

"माहितीय. तुमचीही आहे."

हे बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्यानंतर माझं चौथं प्रकरण त्यांच्या टेबलावर जे पडलं ते हललं नाही. मी शनिवारी जायची. "वाचून राह्यलोय मॅडम." पुढच्या शनिवारी, "परदेशातल्या एका मित्राला पाठवलंय." कोणाला ते विचारलं तर फोन वाजायचा. एकदा मी खुर्ची ओढून बसलेच आणि म्हटलं, "प्रकरण चुकीचं आहे एवढं लिहून द्या. कुठं चुकलं तेही लिहा. मी जाते." त्यांनी लिहून दिलं नाही. कसं देणार? चूक सापडली असती तर पहिल्याच दिवशी बोट ठेवलं असतं. मला चूक दाखवली असती तर मी त्यांचे आभार मानले असते. मला दाखवत होते चहा.

या काळात मी घरी कशी होते ते घरच्यांना विचारू नये. भांडी जरा जोरात ठेवली जात होती. सासूबाई म्हणाल्या, "काढून टाक ना ते चौथं. तिनात नाही होत का?" नवरा म्हणाला, "अगं, विश्व मोडलं तर मोडलं, कपबशा राहू दे."

"विश्व नाही मोडलं. मॉडेल मोडलंय."

"मग सरांना राग कशाचा येतोय?"

"मॉडेल त्यांचं आहे."

"हां," तो म्हणाला, "मग कपबशी फोड."

शेवटी माझं प्रकरण सुटलं ते सत्याच्या बळावर नाही. गाइडकडे उमेदवारांच्या जागा ठराविक असतात. संस्थेच्या वरच्या वर्तुळातल्या कोणाच्या तरी सुनेला पीएच.डी.ला नाव नोंदवायचं होतं, आणि मी जागा अडवून बसले होते. सरांचाच फोन आला. प्रकरण राहू द्या, फक्त आपल्या केंद्राच्या आधीच्या पेपरांना चूक म्हणू नका, लवकर सादर करा. मी म्हटलं, पेपर संदर्भयादीत राहतील, ज्याला बघायचं तो बघेल. त्यांनी न वाचताच मंजूर केलं. मला फार राग आला. ज्यासाठी इतके महिने दार ठोठावलं ते एका सुनेच्या सोयीसाठी उघडलं होतं. पण मी आत शिरले. रागासाठी दाराबाहेर उभं राहायला मला वेळ नव्हता.

व्हायवाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. परीक्षक बीडच्या बाजूने येत होते आणि शहागडच्या पुलाजवळ ट्रकांच्या रांगेत अडकले होते. हॉलमध्ये कूलर लावला होता, आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या गच्च बंद केल्या होत्या. पाण्याचा कूलर बंद खोलीत दमटपणाच वाढवतो हे मी वर्गात दरवर्षी सांगते. मी जाऊन दोन खिडक्या उघडल्या, एका शिपायाने मागोमाग येऊन त्या बंद केल्या. गेटवर फ्लेक्स होता, माझ्या नावाआधी 'डॉ.' लावलेला. नवरा डब्यांपाशी आचाऱ्याबरोबर पुऱ्या केव्हा तळायच्या याची चर्चा करत होता.

पिंपळगावच्या बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. मुठीत चिठ्ठी होती.

"सरांनी मला हा प्रश्न दिलाय. वाचा."

प्रश्न होता: आपलं मॉडेल उष्मागतिकीचा व्यापक दुसरा नियम पाळतं का? 'व्यापक' म्हणजे क्षितिज आणि आतलं द्रव्य दोन्ही धरून. मला ईमेलने आलेलं त्याचं उत्तर असं होतं: 'होय, सर्व काळी.' माझ्या प्रबंधात याच्या नेमकं उलट छापलेलं होतं. सरांनी खरोखरच वाचलं नव्हतं, की मी सगळ्यांसमोर तोंडाने 'होय' म्हणावं आणि छापलेलं कोणी वाचू नये असा हिशेब होता, ते मला आजवर कळलेलं नाही.

"विचारू का न्हाई?" ती म्हणाली. "दुसरा बी प्रश्न हाये माझ्याकडे, भविष्यातल्या संशोधनाचा. तो विचारते म्हनलं तर चालंल."

"तुमचं तपासून झालं का?"

"झालं." तिने मान हलवली. "माझं बी पडलं."

"मग तुम्हीच ठरवा. तुम्हाला अजून त्यांच्याच हाताखाली राहायचंय. मी विचारा म्हणणार नाही, नका विचारू असंही म्हणणार नाही."

"तुमी काय उत्तर देनार?"

"जे छापलंय ते."

परीक्षक आले, तोंड धुऊन बसले. मी माझं सादरीकरण केलं. चौथ्या प्रकरणाच्या स्लाइडवर आले तेव्हा ते फोनवर कोणाला तरी पूल कसा टाळावा ते लिहून पाठवत होते. पहिल्या दोन चिठ्ठ्या पार पडल्या. मग बाई उठल्या.

त्यांनी चिठ्ठी वाचली नाही. हात मोकळे सोडून शाळेच्या आवाजात विचारलं, "मॅडम, तुमचं मॉडेल उष्मागतिकीचा व्यापक दुसरा नियम पाळतं का?"

"नाही," मी म्हटलं.

पाठ केलेल्या गोष्टीत भलताच शब्द आला की हॉल कसा जागा होतो ते त्या दिवशी पाहिलं. परीक्षकांनी फोन खाली ठेवला. सर माझ्याकडे बघून हसत होते, जणू मी नुसतीच अडखळलेय आणि आता सावरेन.

"मंग," बाई अजून उभ्याच होत्या, "त्याच पद्धतीनं केलेल्या आमच्या मॉडेलांचं काय?"

"तपासून बघा."

"तपासलं. न्हाई पाळत."

"बसा तुम्ही, बसा," सर म्हणाले. बाई सावकाश बसल्या.

परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. "थांबा. एंट्रॉपी म्हणजे क्षेत्रफळाच्या प्रमाणात. क्षेत्रफळ वाढतंय. मग नियम मोडतोच कसा?"

मी फळ्याशी गेले. पहिला मार्कर वाळलेला, दुसरा वाळलेला, तिसऱ्याने लिहिलं. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी मांडल्या. कुठे मिसळ झाली ते दाखवलं, गुणक घटतो ते दाखवलं. पहिल्या पद्धतीत सगळे का पास होतात तेही दाखवलं.

त्यांना विषय कळत होता, हे मी नाकारणार नाही. त्यांनी योग्य तिथे अडवलं. "दुसऱ्या पद्धतीत एक जादा संज्ञा येते," ते म्हणाले. "आत निर्माण होणारी एंट्रॉपी, घर्षणासारखी. ती कुठं गेली?"

"आहे, सर. ती घातली की हिशेब जुळतो. पण ती घालतोच आपण हिशेब जुळावा म्हणून. ती कुठून येते ते स्वतंत्रपणे दाखवल्याशिवाय तिच्या जिवावर नियम पाळला म्हणता येत नाही. प्रबंधात हे लिहिलंय."

त्यांनी प्रबंध उघडला. त्या दिवशी पहिल्यांदाच, हे पानांच्या आवाजावरून कळलं. वाचत गेले तसा त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या स्वतःच्या पेपरांतही तोच भाग आहे, हे मला माहीत होतं. त्यांना ते त्या क्षणी आठवलं असावं.

"म्हणजे आम्ही सगळेच चुकलो म्हणता?"

"मी माझ्या मॉडेलबद्दल बोलतेय, सर. तुमचं तुम्ही बघा."

मागे कोणीतरी खोकलं. सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि आभाराचं भाषण सुरू केलं.

बंद दाराआड परीक्षकांचं आणि सरांचं बराच वेळ चाललं. बाहेर पुऱ्या वातड होत होत्या. मला आत बोलावलं तेव्हा परीक्षकांचा सूर मवाळ होता. काम चांगलं आहे. पदवीला हरकत नाही. एक किरकोळ दुरुस्ती. 'हे मॉडेल दुसरा नियम मोडतं' याच्या ऐवजी 'काही अटींच्या अधीन राहून मोडू शकतं' असं लिहावं. भाषा जरा सौम्य.

"कुठल्या अटी?" मी विचारलं.

"त्या तुम्ही घाला ना मॅडम," सर म्हणाले. "चार ओळींचं काम आहे."

अहवालातही तसंच लिहिलं: अटी स्पष्ट कराव्यात. दुरुस्ती झाल्याशिवाय निकाल नाही.

जेवताना लोक अभिनंदन करत होते आणि मी ताटातली पुरी नुसती मोडत होते. चूक असती तर दुरुस्त केली असती. ही दुरुस्ती नव्हती. खऱ्या वाक्याला शाल पांघरून खाली बसवणं होतं. 'काही अटींच्या अधीन' हे शब्द मी हजार ठिकाणी वाचले आहेत, आणि ज्याला काही म्हणायचं नसतं तोच ते लिहितो. मी त्यावर सही केली असती तर पुढचा उमेदवार माझाच संदर्भ देऊन लिहिणार होता: क्वचित अपवाद वगळता नियम पाळला जातो. बाईंचं तिसरं प्रकरण त्या क्वचित अपवादाखाली गाडलं गेलं असतं. नवरा म्हणाला, "लिहून टाक की. पदवी घे आणि नंतर भांड." तो वाईट हेतूने म्हणत नव्हता. मी म्हटलं, "नंतर कोण ऐकतं?"

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मोकळा तास होता. प्रयोगशाळेत बसून मी कामाला लागले. अटी मागितल्या आहेत ना, तर अटी शोधू. मॉडेलमधले स्थिरांक एकेक करून बदलले. सिद्धांतानेच दिलेल्या मर्यादेत हा मोठा केला, तो लहान केला. द्रव्य बदललं, नुसती धूळ घेतली, नुसतं प्रारण, म्हणजे रेडिएशन, घेतलं. आधीचा काळ घेतला, नंतरचा घेतला. नियम मोडतच होता. कुठलाही स्थिरांक त्याला वाचवायला येईना. मग एका चिन्हापाशी थांबले. ते बदललं तर क्षितिज आकसत होतं, गुणक वाढत होता, आणि एंट्रॉपी वर जात होती. अट सापडली होती. मी ती व्यवस्थित सिद्ध केली, कारण सिद्ध न करता लिहायला मी काही आमच्या केंद्रात वाढलेली नव्हते, आणि वाक्य बदललं. अहवालात मागितलं होतं तसंच, अट स्पष्ट करून. एक शब्दही जास्त सौम्य नाही, एकही कमी नाही.

शनिवारी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते खुशीत होते, सुनेचा अर्ज टेबलावर होता. "झाली का दुरुस्ती? बरं झालं. मी म्हटलंच होतं, चार ओळी." त्यांनी पान उलटलं आणि या वेळी मात्र वाचलं, मोठ्याने.

"'हे मॉडेल एका अटीच्या अधीन राहून उष्मागतिकीचा व्यापक दुसरा नियम मोडतं. अट: विश्व प्रसरण पावत असलं पाहिजे.'"

त्यांनी ते पुन्हा मनात वाचलं.

"मॅडम, ही अट आहे?"

"परीक्षकांनी अटी मागितल्या होत्या. सगळ्या शोधल्या, एकच निघाली. विश्व आकसत असेल तरच नियम वाचतो. सिद्धता पुढच्या पानावर आहे."

"पण विश्व तर..."

"तर काय, सर?"

दारात चहावाला उभा होता. सरांनी त्याला हातानेच परत पाठवलं. सिद्धता त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचली, मागे गेले, परत पुढे आले. मी खुर्चीत बसून होते, घाई नव्हती. त्यांना चूक हवी होती आणि ती तिथे नव्हती. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि 'दुरुस्ती अहवालानुसार पूर्ण' या ओळीखाली सही केली.

सुनेच्या सोयीने तारीख मागच्या महिन्याची घातली होती. ती मी तिथेच खोडून नीट घालून घेतली.